नाना, मारुतीचा उजवा खांदा कोणता?

नाना, मी मारुतीच्या चुकीच्या खांद्याला डिंक लावला होता.

हे वाक्य मी इतकी वर्षं तोंडात धरून होतो. कितीदा तुमच्यासमोर ओठांपर्यंत आलं आणि चहाच्या घोटाबरोबर परत खाली गेलं. आता तुमची तेरवी झाली, मांडव उतरला, पाहुणे शिरडच्या फाट्यावरून एसटी धरून आपापल्या गावाला गेले, आणि मी तुमच्या बाजेवर बसून तुम्हाला सांगतोय. म्हणजे नेहमीसारखाच उशिरा.

मॅट्रिक पास झालेलं पोरगं होतो हो मी. वसमतच्या हायस्कुलात भूमितीच्या मास्तरांनी वर्गापुढं उभं करून कौतुक केलेलं. तेच पोरगं देवासमोर गेलं आणि समजून बसलं, की आपल्या उजव्या हाताला जो खांदा तो देवाचा उजवा. देव आपल्याकडं तोंड करून उभा असतो, पाठ करून नाही, हे भूमितीत कुठं आलं नव्हतं.

पण मी काय विचारायला आलो होतो ते आधी सांगून टाकतो, नाहीतर माझ्या सवयीनं गोष्ट भलत्याच शिवारात शिरेल. शेतकी खात्यातली नोकरी सोडावी, ह्या जूनमध्ये औरंगाबादला जावं आणि इतिहास घेऊन बी.ए.ला अगदी पहिल्या वर्षापासून बसावं, असं माझ्या मनानं घेतलंय. मिशीवाला, लग्नाला आलेला माणूस, कालच मिसरूड फुटलेल्या पोरांच्या बाकावर. दादांना हे बोलायची हिंमत नव्हती. दादा म्हणजे माझे वडील असले तरी तुमचे धाकटे भाऊच. तुमच्या आधी त्यांनी कधी कशाला हो म्हटलेलं नाही. तेव्हा म्हटलं, नानालाच विचारू. रजा टाकली, फाट्यावर उतरलो, तर पानवाल्यानं माझ्याकडं बघून मान खाली घातली. तुम्ही त्याच सकाळी गेला होतात.

विचारायला आलो होतो, आणि खांदा द्यावा लागला. तिथंही मी तिरडीच्या डाव्या बाजूला डावा खांदा लावायला गेलो की उजव्या बाजूला उजवा, कोण जाणे. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं उत्तम, तिकडून न्हाई, इकडून!" त्या रडारडीतही मला वाटलं, नाना आत गालातल्या गालात हसून राहिले असतील.

तुम्हाला माझं दगडांचं वेड ठाऊकच होतं. घरात त्याला वेडच म्हणत, आणि ते बरोबर होतं. महाशिवरात्रीला सगळं घर औंढ्याच्या नागनाथाला दर्शनाच्या रांगेत, आणि मी बाहेरच्या भिंतीवरचे दगडी हत्ती बघत चुकलेला. माय दरवर्षी मला शोधून दरवर्षी एक धपाटा घालायची. हट्टा गावाकडं कुणाच्या बांधावर कोरलेला दगड निघाला असं कळलं की मी तुमची सायकल पळवायचो. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीला गाव दगड उभा करायचं. त्यावर खाली त्याची लढाई, मधे त्याला वर घेऊन चाललेल्या अप्सरा, सगळ्यात वर महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला तो. वीरगळ म्हणतात त्याला. हे मला एका म्हाताऱ्या मास्तरांनी सांगितलं आणि त्या दिवसापासून मी कामातून गेलो. ज्याचं नावसुद्धा उरलं नाही, तो माणूस अजून लढाई करून राहिलाय, आणि लोक त्याला टेकून बिड्या ओढतात!

आणि असा एक आपल्याच विहिरीवर निघाला. तुमच्याशी लग्न होऊन आल्यापासून मोठीमाय ज्या दगडावर धुणं धुते तो. एकदा त्याच्याखाली माझा भवरा गेला, तो काढायला हात घातला आणि बोटांना कुणाचं तरी नाक लागलं. मी ओरडतच तुमच्याकडं आलो.

"नाना, आपला धुण्याचा दगड वीरगळ हाय! त्याच्यावर माणूस हाय!"

"आसू दे. माणूस खाली हाय, धुणं वर हाय. त्याला काय तकलीफ?"

"नाना, तो लढाईत मेलेला हाय. आपण त्याच्या पाठीवर धोतरं आपटून राहिलो!"

"मेल्यावर बी रोज आंघूळ घडतीया त्याला. नशिबाचा हाय."

"त्याला उभा करू."

"आन् धुणं काय तुझ्या पाठीवर धुवायचं?"

हा आपला पहिला वाद. तो काही संपला नाही. मी सुट्टीला आलो की उकरायचो, आणि तुम्ही दर वेळी धुण्यावर आणून ठेवायचात.

मॅट्रिकचा निकाल लागायच्या आधीच तुम्ही जवळा बाजारच्या बाजारात बैलांच्या दातात बोटं घालता घालता सगळ्या तालुक्याला सांगून टाकलं होतं, की आमचं पोरगं परभणीला शेतकीच्या कॉलेजात जाणार आणि ऑफिसर होऊन जीपमधून येणार. मी ते बाजारातून आलेल्या माणसाकडून ऐकलं. मग ओसरीवर तुमच्यापुढं उभा राहिलो आणि म्हणालो, मला इतिहास शिकायचाय.

"म्हंजी काय?"

"जुनी देवळं, जुने दगड. कोणी बांधलं, काहून बांधलं, ते शोधायचं."

"ज्यानं बांधलं तो मेला. मंग इचारशील कोणाला?"

"दगडाला."

आयुष्यात मी दिलेलं हे एकच चांगलं उत्तर असेल. तुम्ही तंबाखू मळायला घेतलीत. दादा खांबाला टेकून उभे. मग तुम्ही चिमूट गालात धरली आणि म्हणालात, "दगडालाच इचारायचं तर मारोतीला इचारू. तो बी दगडच हाय."

तुम्ही प्रत्येक गोष्ट मारुतीला विचारायचात. बैल घ्यावा का, विहीर खोल करावी का, दाढ उपटावी का. गावातला कौल साधा. लिंबाजी गुरव रुईची दोन फुलं पाण्यात भिजवायचा आणि देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवायचा. उजवं फूल आधी पडलं तर एक उत्तर, डावं पडलं तर दुसरं. मग सगळ्यांनी बसून फुलांकडं बघायचं. दगड तापला, फूल सुकलं, की पडायचं. तुमची दाढ उजव्या कौलानं गेली, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की ती चांगली होती.

माझ्या कौलाला लिंबाजीनं मागणं घातलं: "मारोतराया, पोरगं दगडाच्या शिक्षणाला जावं तर उजवं दे, शेतकीला जावं तर डावं दे."

हे असंच ठरणार हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. मग मी डोकं चालवलं. उजवं फूल पडायला हवं, तर डावं चिकटून राहायला हवं. म्हणून सकाळी देवाला तेल घालायचं निमित्त करून गेलो आणि बाभळीचा डिंक घासून आलो. डिंक वाळला तरी ओलं फूल लागलं की परत धरतो. पक्कं काम. फक्त लावला माझ्या डाव्या हाताच्या खांद्याला. म्हणजे देवाच्या उजव्या. जे फूल पडायला हवं होतं त्यालाच मी खिळा ठोकून आलो होतो.

हे मला कळलं ते लिंबाजी फुलं लावून मागं सरकला आणि म्हणाला, "हे देवाचं उजवं बरं का," तेव्हा. त्यानं बोट माझ्या डिंकाकडं दाखवलं होतं. आता डावं पडणार, आणि ते मी स्वतः पाडणार.

पण डावंही पडेना.

ऊन चढलं, दोन्ही फुलं सुकून काळी पडली, पडायचं नाव नाही. लिंबाजीनं घंटा बडवली. कुणी म्हणालं, फुंकर मारा. कुणी म्हणालं, तसं चालत न्हाई. चहा झाला. जेवायला गेलेली माणसं जेवून परत आली आणि दारातूनच विचारायला लागली, "काय म्हणतोय मारोती? आजून इचारच करून राहिला?" पारावरच्या म्हाताऱ्यांत दोन पक्ष पडले. एका शेळीनं आत येऊन कौल संपवायचा बेत केला होता, तिला हाकललं. मी देवाचा डावा खांदा एकटक बघत होतो. तिथं मी काहीच लावलं नव्हतं. ते फूल का चिकटलं? नाना, खरं सांगतो, त्या दिवशी मला देवाची भीती वाटली. मला वाटलं, माझी चोरी त्याला कळली आणि त्यानं बोलायचंच बंद केलं.

शेवटी लिंबाजीला त्याच्या आज्यानं सांगितलेला नियम आठवला. देव मुका राहिला, की ज्याचं काम त्यानंच देवासमोर बोलायचं, तोच कौल. तो माझ्याकडं वळला.

"बोल बाबा. तुझं मन काय म्हणतंय?"

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. पोरगं जे बोलेल ते पक्कं. ज्यासाठी मी मारुतीला डिंक फासला, ते कुणीतरी ताटात वाढून समोर धरलं होतं. एक शब्द बोलायचा होता. मी तुमच्याकडं बघितलं, तुम्ही माझ्याकडं बघून राहिला होतात, भुवया अशा वर चढवलेल्या. आणि माझ्या तोंडातून निघालं, "नाना म्हणतील तसं."

तुमच्या भुवया खाली आल्या. तुम्ही मारुतीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग दादांकडं. म्हणालात, "मंग शेतकी." आणि उठलात. खोबरं नाही घेतलं, कुणाशी बोलला नाहीत. पायरीवर चपला घातल्यात त्याही उलट्या, डावी उजव्या पायात, आणि तशाच फटफट वाजवत घरापर्यंत गेलात.

मला कळेनाच. तुम्हाला हवं ते मी तुमच्या तोंडात दिलं होतं. मग राग कशाचा?

पुढचं तुम्ही बघितलंच. परभणीत मी जे दिवे लावले त्याच्या उजेडात आजवर मला कुणी नोकरी दिली हेच नवल. मातीचे प्रकार तोंडी परीक्षेत विचारले, तर मी ही माती देवळाच्या पायात कशी वापरत ते सांगायला लागलो. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, छान, आता बाहेर जा. नांगरणीच्या प्रॅक्टिकलला फाळाला दगड लागला, तर मी तो उलटापालटा करून बघत बसलो आणि बैल माझ्याशिवाय पुढचं तास काढून आले. कसाबसा पास झालो. नोकरी लागली, जीप काही मिळाली नाही. तरी तुम्ही बाजारात मला "आमचं साहेब" म्हणायचात, आणि घरी साहेबानं सांगितलेलं एकही बियाणं पेरलं नाहीत. मी म्हणायचो, नाना, ह्या वानाचा कापूस लावून बघा. तुम्ही म्हणायचात, "ज्याला बैलाच्या मागं नीट चालता येत न्हाई त्यानं कापसाचं बोलू नये." बरोबर होतं ते. पण मग मला तिकडं पाठवलंत काहून?

एकदा जवळा बाजारहून बैलगाडीत परत येताना मी बेतानं विचारलं होतं, आठवतंय? "नाना, मारुतीचा उजवा म्हंजी आपल्या कोणत्या बाजूचा?" तुम्ही कासरा ओढला, बैल थांबवलेत, आणि वळून माझ्याकडं बघितलंत.

"कोण इचारून राहिलंय? आपून का मारोती?"

"आपून."

"मंग आता इचारून काय उपेग?" म्हणालात आणि बैलांना टाच मारलीत. मला वाटलं, डिंक धरला गेला. घर येईपर्यंत मी गवताच्या पेंडीआड तोंड लपवून बसलो. आज वाटतं, तुम्हाला त्या घडीला काही बोलायचं होतं, आणि मी पेंडीआड होतो.

परवा तेरवीचं सगळं आवरल्यावर मोठीमाय चुलीपाशी एकटीच बसली होती. पाहुणे असेपर्यंत ती रडली नव्हती. पातेली मोजत होती, कुणाला वाढलं नाही ते बघत होती. मी शेजारी जाऊन बसलो आणि तिला हसवावं म्हणून डिंकाची गोष्ट सांगितली. आधी ती हसली. मग पदरानं डोळे पुसले. मग एकदम म्हणाली, "म्हंजी तू बी?"

"तू बी म्हंजी?"

"आरं, त्या दिशी तुझ्या नानानं सकाळी माझ्याकडून कणकीची खळ करून नेली. म्या म्हणलं, काय पतंग डकवायला चालले का? तर म्हणले, गप, देवाचं काम हाय."

नाना!

तुम्ही, गावाचे पंच, मारुतीला न विचारता दाढसुद्धा न उपटणारे, तुम्ही सकाळच्या पारी कणकीची खळ घेऊन देवाच्या खांद्यावर चढलात? आपण एकाच सकाळी, एकाच देवळात, एकामागून एक? मी गेलो तेव्हा तुमची खळ तिथं होती की तुम्ही आलात तेव्हा माझा डिंक? मला इतकं हसू आलं की मोठीमायनं पाठीत गुद्दा घातला, आणि त्या गुद्द्यानं मी रडायला लागलो. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

पण हसणं-रडणं झाल्यावर मी गणित मांडलं, आणि तेव्हापासून डोक्यात नुसती गरगर आहे.

माझा डिंक देवाच्या उजव्या खांद्यावर. तुमची खळ डाव्यावर. म्हणून तर दोन्ही फुलं अडली. आता, डावं फूल चिकटवलं याचा अर्थ उजवं पडावं अशी तुमची इच्छा. म्हणजे इतिहास. म्हणजे बाजारभर शेतकी-शेतकी ओरडून बसल्यावर तुम्हाला माघार घेता येत नव्हती, म्हणून तुम्ही मारुतीच्या तोंडून मला सोडवणार होतात. म्हणून तर कौल लावायचं तुम्हीच काढलंत. नाहीतर नुसता हुकूम करायला कुणी अडवलं होतं? म्हणून त्या भुवया वर गेल्या होत्या: बोल बाबा, बोल आता! आणि मी म्हणालो, नाना म्हणतील तसं.

असं असेल तर नाना, मी उद्याच निघतो.

पण थांबा. तुम्हीही माझ्यासारखेच फसला असाल तर? देवासमोर उभं राहून आपला उजवा तोच त्याचा उजवा असं धरलं असेल, तर तुम्ही उजवं चिकटवायला गेलात आणि डावं चिकटवून बसलात. म्हणजे तुम्हाला पाडायचं होतं डावं. शेतकी. रक्त तर एकच आहे आपलं. बैलांच्या मागं उभे असताना तुमचं डावं-उजवं कधी चुकलं नाही. पण गव्हाणीपाशी, समोरून दावी बांधताना, तुम्ही दर वेळी उजवीकडच्या बैलाला डावीकडं बांधायचात आणि मग बैलालाच शिव्या द्यायचात. आणि त्या चपला! त्या रागानं उलट्या झाल्या की तुमच्या नेहमीच्याच होत्या?

एका चुकीनं मी शेतकीचा झालो. दुसरी चूक तुमची होती की ती चूकच नव्हती, हे मला समजेना. लोक माणूस गेल्यावर त्याचे उपकार आठवतात. मी बसून तुमचं डावं-उजवं आठवतोय.

काल मारुतीला गेलो. म्हटलं, निदान जागा तरी बघावी. देवाच्या बाजूला, देवासारखंच बाहेर तोंड करून उभा राहिलो, हात दोन्हीकडं पसरले आणि तुम्ही कुठून चढला असाल, कुठला हात वर केला असेल, ते करून बघायला लागलो. लिंबाजी आत आला. आता त्याला कमी दिसतं. त्यानं आधी मलाच हात जोडले.

"लिंबाजीकाका, मी हाय. उत्तम."

"आरं पोरा, मंग तिथं काय करून राहिलास?"

"नानानं खळ कशी लावली आसंल ते बघून राहिलो."

तो उंबऱ्यावर बसला. त्याला सगळं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी नारळाच्या करवंटीनं दोन्ही खांदे त्यानंच खरवडले होते. म्हणाला, "म्या त्यास्नी बोललो व्हतो, देवासंगं आशी चेष्टा बरी न्हाई. तर म्हणले, लिंबाजी, चेष्टा देवानं न्हाई केली, पोरानं केली." यापुढं त्याला काही आठवत नाही. मी तीन-तीनदा विचारलं. पोरानं केली म्हणजे डिंक लावला ती, की तोंड उघडलं नाही ती? लिंबाजी म्हणाला, आता मला काहून छळून राहिलास, त्यास्नी इचार. आणि मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तो हातानं उंबरा झाडायला लागला. मी म्हणालो, परत एकदा कौल लावता का? तो म्हणाला, एका कामाला मारोती दोनदा बोलत न्हाई, आन् तुमच्या घराला तर बिलकूल न्हाई.

तुमच्यावर रागावू की तुमच्या पाया पडू, हे ठरवता येत नाही म्हणून दोन्ही करतोय. रागावतो, कारण तुम्हाला एकदा, एकदाच, खळ न लावता बोलता आलं असतं. पाया पडतो, कारण खळ लावायला तुम्ही उठलात तरी. मला माहीत असलेल्या माणसांत दुसऱ्याच्या शिक्षणासाठी देवाला फसवायला गेलेले तुम्ही एकटेच. कुठल्या बाजूनं गेलात, एवढंच कळायचं राहिलं.

आज सकाळी विहिरीवर गेलो. मोठीमाय धुणं धुत होती, त्याच दगडावर. तुमचं धोतर होतं. आता ते कुणी नेसणार नाही, पण मळकं ठेवायचं तिच्या जिवावर येतं. मी पलीकडं बसलो, दगडाखाली हात घातला, त्या माणसाचं नाक हाताला लागलं आणि बरं वाटलं. तो अजून होता तिथंच.

म्हणालो, "मोठीमाय, हा दगड आता उभा करू का?"

"आन् धुणं कशावर धुवू?" ती म्हणाली, वरसुद्धा न बघता. तुमचाच आवाज, नाना.

मग मी तिला सगळं सांगितलं. औरंगाबाद, बी.ए., नोकरी, आणि डावं-उजवं, तुमची खळ, माझं गणित, बैलांची दावी, चपला, सगळं. ती धोतर आपटत होती, ऐकत होती. शेवटी मी म्हणालो, "तूच सांग मोठीमाय, नानाच्या मनात काय व्हतं? त्यावर माझं जायचं ठरंल."

धोतर पिळता पिळता तिनं माझ्याकडं बघितलं, लहानपणी मी परसाकडला चड्डी विसरून आलो की बघायची तसं.

"आजून नानालाच इचारून राहिलास?" ती म्हणाली. "मारोती दगडाचा हाय, म्हणून त्या दिशी बोलला न्हाई. तू कशाचा हायस रे?"